सम्राज्ञी नक्की कोणाची

प्रिय ताई,

धाकट्या माओलिनचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुमच्या ल्वोयांगची ती जगप्रसिद्ध फुलं, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. आम्ही इकडे शिआनला मजेत आहोत. (तुझी भावजय परवापासून माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडल्यास.)

आपल्या यूछिनचे होणारे सासरे, शांग मास्तर, परवा तुमच्या गावाहून आले. माणूस सज्जन, पण जन्मभर इतिहास शिकवलेला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. तटावर नेलं, तर म्हणाले, "छान आहे. नवा दिसतोय." सहाशे वर्षांचा तट, ताई! मी गिळलं. मुलीचा बाप ना मी! मग त्यांना सम्राज्ञी वूच्या थडग्याकडे नेलं. तिथल्या एक अक्षरही न कोरलेल्या शिळेपुढे उभे राहून गृहस्थ म्हणतात, "कोरणार काय? बाईंनी राज्य केलं आमच्या ल्वोयांगमधून, जीवही तिथेच अडकलेला." तेही गिळलं.

शेवटी तुझ्या भावजयीसह फाओमो खायला बसलो. रश्श्यातली भाकरी ज्याची त्याने कुस्करायची आणि तीही सोयाबीनच्या दाण्याएवढी बारीक, हे तुला मी काय सांगायचं? मास्तरांनी विटांएवढे तुकडे केले. आचारी पोरीच्या सासऱ्याला हसेल, या काळजीने (देवाशपथ, केवळ काळजीने) मी त्यांचा वाडगा ओढला आणि त्यांची भाकरी बारीक करायला बसलो. ते लालबुंद झाले. म्हणाले, "व्याहीबुवा, तुमच्या हाती फक्त भाकरी. सम्राज्ञी नांदली आमच्याकडे, तशी तुमची लेकही नांदेल." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नांदू दे की! सम्राज्ञी शेवटी आली कुठे? आमच्याकडेच!"

तुझ्या भावजयीच्या हातातली भाकरी खाली पडली. लग्नाच्या बोलण्यात मी पोटच्या पोरीला थडग्यात नेऊन निजवलं होतं! "अहो, जीभ आहे की फावडं?" एवढंच ती बोलली. मास्तर न जेवता उठले. "घरी विचार करून कळवतो," म्हणाले आणि स्टेशनवर गेले. अजून काही कळवलेलं नाही. यूछिन हसतखेळत वावरते, पण फोन वाजला की आधी तीच धावते. मला ते बघवत नाही.

तुझा,
माओलिन

ता. क. सुकवलेली पर्सिमन फळं पाठवतोय. ती तुझ्यासाठी नाहीत. ती घेऊन मास्तरांकडे जा आणि सांग की भाऊ लहानपणी झाडावरून पडला होता.

ता. क. ल्वोयांग हीच थोर राजधानी, असंही माझ्यातर्फे सांग. पण दार लावून सांग. शिआनची माणसं सगळीकडे असतात.

ता. क. खरं सांगू? लग्न मोडलं तर पोर घरात राहील, असं क्षणभर मनात आलं होतं. तिने ते ओळखलं. माझ्याजवळ बसून म्हणाली, "बाबा, मी काही सम्राज्ञी नाही. मी जिवंतपणीच येत जाईन." आता तरी ऊठ आणि जा गं ताई.