हात थांबले की छापायचं

डाळज, १३ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजनंदिनी,

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. 'पाटकरी प्रकाशना'नं, म्हणजे तू, न वाचता परत केलेली कादंबरी त्या वेळी घरपोच आली. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण मी लोणी भापकरला माझ्या मैत्रिणीकडे, प्रगतीकडे, जेवायला बसले होते आणि पाकिटावर पत्ता तिचाच होता. आत एक इंग्रजी चिठ्ठी. तुझी आत्या पाचगणीच्या कॉन्व्हेंटात नन्सच्या छड्या खाऊन इंग्रजी शिकली आहे, त्यामुळे चिठ्ठीतल्या चुका मला घास गिळायच्या आत दिसल्या. चुकांचं सोड. मराठी कादंबरीला नाही म्हणायला तुला मराठी का पुरली नाही?

'न वाचता' हे मी रागाच्या भरात म्हणत नाही. मधली दोन पानं मी भाताच्या शितानं चिकटवली होती. ती तशीच चिकटलेली परत आली. जुने लेखक आमची अशीच परीक्षा घ्यायचे. तुझी आई ओल्या बोटानं पान अलगद सोडवायची आणि हसायची, "बघा जयवंताताई, आपल्यावर पाळत हाय."

दादानं, तुझ्या वडिलांनी, इंदापुरात ठिबकच्या पाइपांच्या दुकानामागच्या खोलीत प्रकाशन काढलं तेव्हा पुण्याची मंडळी विचारायची, तिथं काय ऊस छापणार का? दादा शांतपणे म्हणायचा, पाटकरी पाणी तयार करत नाही, ज्याच्या त्याच्या रानात पोचवतो. आपलं कामही तेवढंच. पुस्तक निवडायची त्याची रीत तुला माहीत आहे, तरी लिहिते. आलेलं प्रत्येक हस्तलिखित आधी इथं डाळजला, आपल्या डाळिंबाच्या शेडमध्ये मोठ्यानं वाचायचं. बाया फळांची प्रतवारी करत ऐकायच्या. हात थांबले की छापायचं. एका प्राध्यापकांची कादंबरी वाचली तेव्हा हात असे काही चालले की दिवसाचा माल दुपारीच भरून झाला. कुशाबाई म्हणाली, "ह्यांची आनखी असली तर आना, गाडी लवकर सुटती." दादानं ते हस्तलिखित अत्यंत आदरानं परत पाठवलं.

पहिल्यांदा वाचायला मी बसले होते. दोन पानांत कुशाबाईनं हात जोडले. "बाई, तुमी पाढं म्हनल्यावानी वाचताय." मग म्हाळसावहिनी, तुझी आई, चहाची किटली खाली ठेवून पुढं आली. सातवी शिकलेली, माहेरच्या कन्हेरीच्या बोलीची. तिनं वाचायला घेतलं आणि शेडमध्ये फळ खाली ठेवल्याचाही आवाज येईना. पुढची तीस वर्षं तीच वाचत राहिली. तू रिकाम्या क्रेटमध्ये गोधडीवर झोपायचीस, आणि ती वाचायची थांबली की जागी व्हायचीस.

दादा गेल्यावर तू प्रकाशन बारामतीला नेलंस. बुडू दिलं नाहीस, हे मी गावभर सांगते. तुझ्या तोंडावर सांगत नाही, कारण तू आधीच पुरेशी शेफारलेली आहेस. मुखपृष्ठं देखणी झाली. पुस्तकं आता मोबाइलवर ऐकता येतात, त्यासाठी तू पुण्याहून आवाज आणतेस. आवाज घरात होता, राजनंदिनी. "शेडमधलं वाचन आता पुरे," असं तू म्हणालीस त्या दिवशी वहिनीनं चष्मा पुसला, डबीत ठेवला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

पण ज्या माणसानं तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तोंडातून काढली त्याच्याकडं स्वतःचीही काही साठतातच. दुपारी मी लवंडले की ती लिहायला बसायची. मला वाटायचं, भिशीचा हिशेब असेल.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. परत आलेली कादंबरी तिची आहे. नाव सांगू नका, असं तिनं मला बजावलं होतं, म्हणूनच पाकिटावर पत्ता प्रगतीचा घातला. तो शब्द मी आत्ता मोडते आहे आणि मला जराही लाज वाटत नाही. टाइप करून घेऊ म्हटलं तर म्हणाली, "अक्षर वळाकलं तर वळाकू दे, पन आई म्हनून मागायचं न्हाय." तू पहिलं पान उलटलं असतंस तरी ओळखलं असतंस. तुझ्या शाळेच्या प्रत्येक वहीवर त्याच अक्षरात तुझं नाव होतं. पाकीट हातात दिल्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं झालं, रद्दी तरी झाली. एक तारखेला माल निघतोय, क्रेटात अंथरू." ती चेष्टा करत नाही; तो गठ्ठा शेडमध्ये सुतळीशेजारी ठेवलाय. मी त्याची झेरॉक्स काढू शकते. पण तिला प्रत नको आहे, ऐकणारं कुणीतरी हवं आहे.

छाप, असं मी म्हणत नाही. शेडमध्ये ये, यंदा तू वाच, बाया फळं निवडतील, ती कोपऱ्यात बसेल. हात थांबले नाहीत तर पुस्तक परत कर, पण स्वतःच्या अक्षरात आणि मराठीत. फोन करू नकोस, फोन तीच उचलते. कोणत्या दिवशी येतेस ते मला लेखी कळव. उत्तर गुरुवार, २७ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. शनिवारी क्रेट भरायला घेतील.

तुझीच, आणि तूर्त तिच्या बाजूची,
जयवंता आत्या