दोन मायक्रॉनमध्ये थांबणारी मोटर

३ मार्च
मोठ्या कामाची नोंद हवी, म्हणून आजपासून रोजनिशी. काम: लॅबच्या मायक्रोटोमला, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्राला, मोटर बसवणे. मेणाच्या ठोकळ्यात पेशंटच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला तुकडा असतो. तो पात्यासमोर नेमका आणून केसाहून पातळ कापायचा. लॅबच्या टेक्निशियन ताई हे बावीस वर्षं नजरेने करतायत. नजरेने! माझी मोटर दोन मायक्रॉनमध्ये थांबेल.

५ मार्च
नुसत्या मेणाचे चाळीस ठोकळे कापले. सगळे फर्स्ट क्लास. ताई म्हणाल्या, आत कुणी नसलं की सोपं असतं. मनावर घेतलं नाही. (दिवसभर घेतलं.)

६ मार्च
स्टार्ट दाबलं की यंत्र आधी ठोकळ्याचा वरचा थर तासून तोंड सपाट करतं. आयडिया माझीच. ताईंनी विचारलं, दर वेळी? म्हटलं, दर वेळी. शिस्त म्हणजे शिस्त.

९ मार्च, सकाळी ११
डेमो. ताईंनी काम झालेला जुना ठोकळा काढून ठेवला होता. मी हट्टाने आजच्या पेशंटचा घेतला. आत मोहरीएवढा तुकडा.

दुपारी १
डेमो झकास! लॅबच्या प्रमुख डॉक्टरबाई उशिरा आल्या, म्हणून पुन्हा स्टार्ट. त्यांचा फोन वाजला, म्हणून परत स्टार्ट. तिन्ही वेळा मोटर अचूक थांबली. चुरा मीच ब्रशने झाडला. ताई काहीतरी ओरडल्या. कौतुक असावं.

दुपारी ३
काप काचेवर घेऊन पाहिले, तर नुसतं मेण. ठोकळाच सदोष असणार.

४ वाजता
तीन स्टार्ट, तीनदा तासलं. तुकडा चुऱ्यात गेला. ताई आणि मी गुडघ्यांवर बसून कचऱ्याचा डबा चाळला. सापडला नाही.

१० मार्च
डॉक्टरबाईंनी जाब विचारला. मी घसा खाकरेपर्यंत ताई म्हणाल्या, ठोकळा माझ्या टेबलावरचा, चूक माझी. खरं काय ते योग्य वेळी सांगायचं ठरवलं आहे.

१२ मार्च
ज्यांचा तुकडा होता ते आजोबा नवा तुकडा काढण्यासाठी परत सुई टोचून घ्यायला आले, मुलीचा हात धरून. मला म्हणाले, मागे फार दुखलं हो, या वेळी नीट होईल ना? होईल म्हटलं. दार धरून उभा राहिलो. म्हणाले, किती करता तुम्ही लोक. भयंकर लाज वाटली.

१३ मार्च
ताईंनी आजोबांचा नवा ठोकळा हाताने कापला. नजरेने. पहिल्याच खेपेला काप आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
सगळं सांगायला डॉक्टरबाईंच्या केबिनकडे निघालो. दारापासून दोन पावलांवर थांबलो. मग परत येऊन मोटर पुसून ठेवली.