एकेचाळिसावं मिनिट

७ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तू खुशाल असशीलच, आमच्याकडचं ऐक. भिंगरीला तो आरशांच्या कारखान्याचा सिनेमा बघायचाय. वर्गातल्या सगळ्या म्हणे पाहून बसल्यात. कॅसेटच्या डब्यावर ठसठशीत ‘फक्त प्रौढांसाठी’, आणि आमची प्रौढा अजून सोळाची! तो शिक्का तुमच्याच ऑफिसातून बसतो, तेव्हा आता तूच निस्तर.

आमची पद्धत तुला ठाऊक आहे. शनिवारी दुपारी मी आणि हे खालच्या खोलीत दार लावून आधी सिनेमा बघतो, ती वर तिच्या खोलीत. संपेपर्यंत तिने खाली यायचं नाही, आम्ही उठायचं नाही. दोघांचे कागद वेगळे, मधे चकार शब्द नाही. ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, म्हणून मिनिटं सेकंदासकट. मी छापखान्यात प्रुफं तपासते, म्हणून लाल पेन्सिल. मग कागद जुळवायचे आणि पोरीला दाखवायचं की नाही ते ठरवायचं.

गेल्या शनिवारी पाहिला. बाविसाव्या मिनिटाला चुंबन आहे, ते चालेल, हे लाजले तेवढं पुरे. चाळिसाव्याला मारहाण. मी मान खाली घालून ती टिपत होते, तोच एकेचाळिसाव्या मिनिटाला दारावर टकटक झाली आणि एक मुलगी बाहेरून तीनदा म्हणाली, आई, आई, दार उघड. दादा, काळजात चर्र झालं. वर बघेपर्यंत प्रसंग संपलाही. तेवढ्या एका जागेसाठी नको म्हणावंसं वाटतंय. ह्यांच्या कागदावर मात्र ते नाहीच. आणि भिंगरी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. रुसली असेल. लवकर निकाल दे.

वहिनींना नमस्कार, आणि लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकू

१२ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. घड्याळजींना नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसलो. मग ऑफिसात कपाटातून टिपणवही काढली आणि हसू गेलं. आम्ही मिनिटागणिक लिहून ठेवतो. एकेचाळिसाव्या मिनिटाला मार खाल्लेला मजूर मोकळ्या माळावरून चालत जातो. अडीच मिनिटं नुसता वारा. दार नाही, घर नाही. अख्ख्या सिनेमात आईला हाक मारणारी एकही मुलगी नाही. काल खात्री करायला पुन्हा लावून पाहिला. वाराच.

वेडाबाई, ती भिंगरी असणार! तिने दार वाजवलं आणि तू ते सिनेमातलं धरून लाल खूण केलीस. तिला काय हवं होतं ते आधी विचार. सिनेमाचं मागाहून बघू.

काळजी घे, काळजी करत बसू नकोस.

तुझा,
दादा

१७ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र वाचून तशीच उठले. ह्यांना विचारलं. तर म्हणतात कसे, ऐकलं होतं की, भिंगरीच होती, सिनेमातलं नव्हतं म्हणून तर लिहिलं नाही. मग उठला का नाहीत म्हटलं, तर म्हणे नियम होता, आणि वाटलं, डोकावायला आलीय, पोरीची नाटकं. इतकी भडकले मी! आणि मग माझीच मला लाज वाटली. मी तरी काय केलं? माझी लेक दाराबाहेरून हाका मारत होती आणि मी लाल पेन्सिलीने तिलाच काट मारली.

तिला विचारलं. म्हणाली, मी खाली आलेच नाही. बस, एवढंच. माझ्या तोंडाकडेही बघेना. काल कॉलेजच्या वसतिगृहाचा फॉर्म आणून ह्यांच्यापुढे ठेवलाय. म्हणते, जूनपासून तिकडेच राहीन. दादा, सिनेमा गेला चुलीत, माझी पोर चाललीय रे घरातून. तुझ्याशी ती मोकळं बोलते. तिला लिही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ठकू

२४ मार्च

ती. मामास,
भाचीचा शि. सा. न.

तू विचारलंस म्हणून सांगते. आईला सांगू नकोस. नाहीतर सांग, मला काही कळत नाही.

मी खोटं बोलले नाही. त्या दुपारी मी वरच होते, भूगोलाचे नकाशे रंगवत. तेवढ्यात माझ्या दारावर टकटक झाली आणि आईने हाक मारली. भिंगरे, दार उघड. तीनदा. मला वाटलं, मी नियम मोडते का ते बघतायत. मग ती रडायला लागली. आईचं रडणं मी ओळखते, मामा, आजी गेली तेव्हा ऐकलंय. तरी मी उठले नाही. खूप भीती वाटत होती. माझ्या दाराला कडीसुद्धा नाही, नुसतं ढकललं तरी उघडतं. मग तिने ढकललं का नाही?

सिनेमा संपल्यावर आई वर आली, तर छान हसत होती. चहा घेतेस का म्हणाली. तेव्हापासून तिच्या डोळ्यांत बघवत नाही. आई रडत होती आणि मी दार उघडलं नाही. अशा मुलीने तिच्याजवळ कशाला राहायचं?

मामीला नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
भिंगरी

२९ मार्च

चि. ठकूस,
अ. आ.

भिंगरीचं पत्र सोबत धाडतोय. तिच्या शिव्या मी खाईन. दोघंही वाचा, आणि वाचताना बसून वाचा.

मला यातलं काही कळत नाही. बावीस वर्षं सिनेमांवर शेरे मारतोय, पण असा प्रसंग माझ्या कुठल्याच वहीत नाही. माझं मत असं, की तिला दाखवा. तिघं मिळून बघा. कागद नको, पेन्सिल नको आणि दार उघडं टाका.

लगेच कळव.

दादा

४ एप्रिल, रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल दुपारी बसलो. दार सताड उघडं, वाऱ्याने लागू नये म्हणून स्टूल लावलं. भिंगरी मधे. बाविसाव्या मिनिटाला हे खिडकीबाहेर बघत बसले तशी ती खुदकन हसली. महिन्यानंतर हसली, दादा.

मग तो मजूर माळावर आला. वारा सुरू झाला. आणि टकटक झाली. उघड्या दाराच्या चौकटीवर. बाहेर लख्ख ऊन आणि रिकामा जिना. आई, आई, दार उघड. आवाज भिंगरीचाच, आणि भिंगरी माझ्या शेजारी, ओठ घट्ट मिटून, माझ्या हातात नखं रुतवून बसलेली. हे टीव्ही बंद करायला झेपावले. मी त्यांना अडवलं. मला भीती नव्हती असं नाही. पण हाक लेकीच्या आवाजात होती ना? मी मोठ्याने म्हणाले, आले गं बाळा, आले. आणि उठून दारापर्यंत गेले.

कुणी नव्हतं. मागून भिंगरी हमसत आली आणि आले, आई, मी पण आले म्हणत पाठीला बिलगली. सिनेमा तसाच पुढे चालला होता, कुणी बघितला नाही. योग्य की अयोग्य, ते तुमचं ऑफिस जाणे.

फॉर्मचं नाव तिने काढलेलं नाही, आम्हीही नाही. आज सकाळी माझ्याकडून वेणी घालून घेतली, आठवीनंतर पहिल्यांदाच. घरातलं एकही दार लावायची मात्र अजून कुणाची छाती होत नाहीये.

तू ये. येताना वाजवू नकोस, सरळ आत ये.

तुझी,
ठकू