डाव्या अंगाचा रंग

देवबाग,
ता. १२ फेब्रुवारी १९५९

चि. बाबूभावजींस तुळसावहिनीचा आशीर्वाद.

तुम्ही आणि प्रेमलता खुशाल असाल. इकडे आम्ही सगळी बरी आहोत. यंदा बांगडा बरा लागला, विहिरीला पाणी आहे, आणि तुमच्या दादांचा स्वभाव आहे तिथेच आहे. माझं अक्षर चौथीपर्यंतचं, सांभाळून घ्या.

तुम्ही बोटीवरच्या माणसाबरोबर धाडलेला, होडीच्या बुडाला लावायच्या लाल रंगाचा डबा पोचला. सोबत चिठ्ठी नव्हती, तरी डबा बघून मला फार बरं वाटलं. गणेशचवथीला "होडी विकून टाकूया" म्हणून दादांशी भांडून गेलात, पण तिच्या बुडाची आठवण ठेवलीत. तुमचे उपकार कसे फेडू?

चुना-तेलाचा जुना लेप पार गेला होता. जागोजाग उघडं लाकूड दिसत होतं. एकदा कीड शिरली की होडी आतून पोखरते, आणि होडी गेली तर आमची चूल कशावर पेटणार ते तुम्हाला सांगायला नको.

डबा आला तसं ह्यांनी होडी वाळूवर कलती करून डावं अंग रंगवलं. म्हणजे तुमचं. मामंजी गेल्यावर पंचांनी घर वाटलं, माड वाटले, आणि होडी कापता येईना म्हणून डावं अंग तुमचं, उजवं ह्यांचं असं ठरवलं. समुद्राला ही वाटणी कोणी कळवली की नाही, देव जाणे. डब्यात रंग उरला होता. मी म्हटलं, आता उजव्या अंगाला लावा.

"तो रंग बाबून आपल्या वाट्याक धाडल्यान," हे म्हणाले. "तेका मी हात लावचंय नाय. माझ्या वाट्याचा मी बघतलंय."

काय बघणार होते? लेपाला तेल कुठे मिळेना. झाकण ठोकून डबा माळ्यावर ठेवला आणि तशीच होडी घेऊन जायला लागले. आत पाणी येई. परत आले की उपसत बसायचे आणि मला सांगायचे, लाटेचं पाणी.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. सोमवारी हे जाळ्याचं सूत आणायला मालवणला गेले. होडी वर ओढून, उजवं अंग सुकायला वर करून ठेवली होती. मी माळ्यावरचा तुमचा डबा काढला. आपल्या घरात बायकांनी होडीला हात लावायचा नाही, म्हणून आधी तिच्या पाया पडले, मग बुडाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडल्या आणि लाकूड उघडं दिसेल तिथे रंग भरला. हात रॉकेलने धुतले. तुमचा रंग मी न विचारता घेतला, भावजी. रागवायचं तर रागवा.

संध्याकाळी हे आले ते होडीपाशी बराच वेळ उभे राहिले. बोलणी खायची माझी तयारी होती. घरात येऊन एवढंच विचारलं, "बाबू इल्लो?"

मी चुलीतली लाकडं पुढे सारली. बाईमाणूस होडी रंगवील हे त्यांच्या डोक्यातच येईना. तुम्ही शिरोड्याला सासुरवाडीला आला असाल, आणि दुसरा डबा आणून, रंग लावून रागाने परस्पर गेलात, असं त्यांनी मनाशी धरलं.

"माझ्या वाट्याक रंग लायल्यान," म्हणाले, "आणि घराकडे नाय इलो. पेज तरी खावन गेलो आसतो."

एवढं बोलून तोंडावर पंचा घेऊन रडले, भावजी. मामंजी गेले तेव्हाही असे रडले नव्हते.

काल होडी पाण्यात गेली. आत थेंब नाही. तुमच्या रंगाने आमचं पोट राखलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण हे आता शिरोड्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला तुमच्याबद्दल विचारतात. हे पत्रही त्यांनीच लिहायला सांगितलं. "बाबूक कळय, आता वाटो नाय. होडी दोगांची." मी खरं सांगायला तोंड उघडते आणि मिटते. इतक्या महिन्यांनी त्यांना भाऊ मिळाला आहे, तो माझ्या हाताने कसा काढून घेऊ?

शिमग्याला प्रेमलताला घेऊन या. दादा विचारतील, त्या दिवशी घरी का आला नाहीस. काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन.

तुमची ऋणी,
वहिनी तुळसा