उनाइसीचे हात

४ मार्च, सोमवार

सकाळच्या बोटीने नाइवातूला पोचले. पहिलीच स्वतंत्र नेमणूक! धक्क्यावर ऑफिसच्या कारकून राजमतीबाई छत्री घेऊन उभ्या होत्या. साठीच्या आहेत, तीन इन्स्पेक्टर त्यांच्या डोळ्यांदेखत आले नि गेले. मला बघून म्हणाल्या, "एवढीशी पोर पाठवली होय सुवाच्या मुख्य ऑफिसने? चल, आधी खाऊन घे." गरम रोटी, भोपळ्याची भाजी आणि झणझणीत टोमॅटोची चटणी. ऑफिस म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत माझं टेबल, मागे नमुने तपासायची खोली. खिडकीतून सगळं बंदर दिसतं. गावात अकरा खानावळी, दोन बेकऱ्या आणि एकच मोठं हॉटेल, एडविन पिकरिंगचं. सगळ्यांची स्वयंपाकघरं आता मी तपासणार. लोसालिनी, कॉलर ताठ कर!

६ मार्च, बुधवार

चार खानावळी झाल्या. एका चिनी आजोबांच्या सुऱ्या इतक्या लखलखीत होत्या की मी पूर्ण गुण देऊन टाकले. दुसरीकडे तळणाचं काळंकुट्ट तेल समोर उभं राहून ओतून टाकायला लावलं. मालकीण आधी चिडली, मग हसायला लागली. म्हणाली, आधीचे इन्स्पेक्टर इलाइसासाहेब कधी आत आलेच नाहीत, दारातच सही करून जायचे. मजा येतेय या कामात. झोपही छान लागते.

८ मार्च, शुक्रवार

पिकरिंगचं हॉटेल. बाहेर पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, आत आंबूस वास. शीतखोलीत थर्मामीटर धरला. तेरा अंश! पाचच्या वर जाता कामा नये. आत उद्याच्या कोकोंदासाठी, न शिजवता वाढायचा, टोपभर कच्चा मासा लिंबाच्या रसात मुरत होता. तोरिका म्हणून स्वयंपाकीण आहे, ती माझ्या कानाशी पुटपुटली की सहा आठवडे मशीन बंद-चालू होतंय, मालकांना तीनदा सांगून झालं.

मी एडविनला हॉटेल बंद करायला सांगितलं. तो हसला. "बंद? उद्या चर्चची दोनशे माणसं जेवायला येतायत, मॅडम. त्यांना काय तुमचा थर्मामीटर वाढू?"

दुपारी सुवाहून साहेबांचा फोन. एडविन चांगला माणूस आहे म्हणाले, आणि माझी नेमणूक अजून कच्चीच आहे म्हणाले. मी कागदावर चार अंश लिहिले आणि सही केली. लिहिताना हात जरासुद्धा कापला नाही.

१० मार्च, रविवार

काल जेवलेली एकोणीस माणसं दवाखान्यात. एक म्हातारी पहाटे गेली. चर्चच्या अंगणात एडविनने सगळ्यांसमोर माझा कागद फडकावला. शीतखोली चोख होती, ही तोरिकाच घाणेरड्या हातांनी मासा कापते, असं म्हणाला. लोक तिच्या अंगावर थुंकले. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी मान खाली घातली.

११ मार्च, सोमवार

राजमतीबाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं. तीन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. हेच हॉटेल, हाच मासा. तेव्हा स्वयंपाकीण उनाइसी होती. मेलेल्यांत तिच्या सख्ख्या बहिणीची दोन मुलं. इलाइसाने कागदावर लिहिलं, शीतखोली चार अंश, स्वयंपाकिणीचे हात अस्वच्छ. बहिणीने तिला दारात उभं केलं नाही. उनाइसी घरात बसून तारेच्या घासणीने हात घासत राहिली. ब्लीच आणि घासणी. आठ दिवस. हाडं दिसायला लागली, मग ताप चढला, मग गेली.

"आणि इलाइसासाहेब?" मी विचारलं.

त्या उठून गेल्या.

१२ मार्च

हातांना माशाचा वास येतोय. चार दिवसांत माशाला हात लावलेला नाही. साबण, लिंबू, राख, सगळं करून झालं.

१४ मार्च

भर दुपारी मागच्या खोलीत हात धूत होते. फेसात माझ्या बोटांमध्ये आणखी बोटं होती. थंडगार. खरखरीत. त्यांना कातडी नव्हती. सावकाश, नखांच्या खालून, आईने लेकराचे हात धुवावेत तशी — मी ओरडले. राजमतीबाई धावत आल्या. खोलीत कुणी नाही. माझ्या तळव्यांची सालं निघालेली.

१५ मार्च

राजमतीबाई शेवटी बोलल्या. इलाइसा याच खोलीत सापडला. नळ चालू. मनगटांच्या पुढे काही उरलं नव्हतं.

बोट पकडून पळून जा, म्हणाल्या. पण तोरिकाच्या घरावर काल दगड पडलेत. तिने कालपासून दार उघडलेलं नाही. शेजारी म्हणतात, आतून घासल्यासारखा आवाज येतो.

१६ मार्च

खरा अहवाल लिहिला. तेरा अंश. चार अंश खोटे होते, सही माझी होती. एडविनला माहीत होतं. एक प्रत राजमतीबाई पोलिसांत घेऊन गेल्या, एक चर्चच्या दारावर लावून आल्या. मग तोरिकाच्या दारात बसून त्यांनी अहवाल मोठ्याने वाचला. तिने दार उघडलं. हात सोललेत, पण वाचतील.

माझे नाही. बँडेज बांधून लिहितेय. उनाइसी टेबलाशेजारीच उभी असते. मला तिचा राग येत नाही.

१८ मार्च

एडविन आला. लालबुंद. कागद मागे घे म्हणाला, नाहीतर — माझी मनगटं पिरगाळली. बँडेजमधलं रक्त त्याच्या हातांना लागलं. शी म्हणाला. हात धुवायला मागच्या खोलीत गेला.

मी उठले आणि बाहेरून कडी लावली.

मी लावली. तिने नाही.

आधी शिव्या. मग दारावर धक्के. आता किंचाळतोय, मशीन बिघडलेलं माहीत होतं, दोन्ही वेळा माहीत होतं, म्हणतोय. दार उघड, पोरी, दार उघड. तीनदा म्हणाला. उनाइसीनेही मशीनचं तीनदाच सांगितलं होतं का? विचारायचं राहून गेलं.

घासल्याचा आवाज. एका लयीत.

उघडू शकते. कडी हाताशी आहे. नाही उघडत.

शांत झालं. दाराखालून पाणी. लाल.

नळ बंद झाला. पावलं इकडे — दार तर बंदच आहे — पेनावर माझ्या बोटांशेजारी दुसरी बोटं. मी लिहिते, ती थांबते. लिहू देतेय. तोरिकाचा दोष नाही. उनाइसीचा दोष नाही. तेरा अंश. सही माझी —

हो, उठते. एवढी ओळ पुरी करू —