ईट पस्से

१ फेब्रु. २००९, रवि.
एचआरनं बोलावलं. 'रिडंडंट' हा शब्द इतक्या गोड आवाजात कधी ऐकला नव्हता. २८ला शेवटचा दिवस. व्हिसा रद्द झाला की पुढे देश सोडायला महिनाभराची मुदत. मरीनात आम्ही बांधत असलेल्या टॉवरवरची क्रेन दिवाळीपासून बंद आहे, तेव्हा आश्चर्य वाटायला नको होतं. वाटलं. घरी जेवताना बायकोला, चारूला, सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "भाजीत मीठ कमी आहे का गं?" तिनं मीठ दिलं. खारट भाजी मुकाट्यानं खाल्ली.

६ फेब्रु., शुक्र.
शुक्रवारची सुट्टी घरात काढली तर तोंडून निघून जाईल, म्हणून लेकीला, इराला, घेऊन सोमपालच्या मंडळीत गेलो. सोमपाल आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर, श्रीलंकेचा. त्यालाही नोटीस. दर शुक्रवारी दुपारी बर्शाच्या बागेत सात-आठ सिंहली माणसं चटई टाकून बसतात, एक जण गोष्ट सांगतो. कोरा चहा, साखर नाही. गुळाचा खडा दाताखाली धरून प्यायचा. अक्षर कळत नव्हतं, तरी बरं वाटलं.

फक्त नंदसेन नावाचा स्वयंपाकी दर दोन वाक्यांनी म्हणत होता, "ईट पस्से?" मला ऐकू आलं, 'इथं पैसे'. वर्गणी असणार. दहा दिरहमची नोट चटईवर ठेवली. गोष्ट थांबली.

सोमपाल म्हणाला, "सर, पैसा नहीं. 'उसके बाद' बोलता है."

हसता हसता मंडळीतल्या कुसुमा नावाच्या बाईचा चहा सांडला. इरा म्हणाली, "बाबा, सो एम्बॅरसिंग."

१३ फेब्रु., शुक्र.
नंदसेन परत गेला, हॉटेल बंद पडलं. त्याची जागा रिकामी. सोमपालच्या गावी रात्री शेत राखताना माळ्यावर गोष्टी चालत. ऐकणारा 'ईट पस्से' म्हणाला नाही, तर तो झोपला असं समजायचं आणि गोष्ट बंद. आपल्याकडच्या हुंकारासारखंच. कुसुमानं करून पाहिलं, पण तिला सगळ्या गोष्टी आधीच पाठ, ती सांगणाऱ्याच्याच चुका काढते.

सोमपालनं मला नेमलं. "जिसको कुछ मालूम नहीं, वही अच्छा पूछता है, सर."

म्हणजे एका महिन्यात एक नोकरी गेली, एक लागली. पात्रता: संपूर्ण अज्ञान. पहिल्याच दिवशी राजा मेला तिथे जोरात "ईट पस्से?" म्हणालो. तिथे जरा गप्प बसायचं असतं म्हणे.

१७ फेब्रु., मंगळ.
इरानं ते घरी आणलं. चारू जेवताना तिच्या बॉसचं सांगत होती, इरा मध्येच, "ईट पस्से?" अर्थ कळल्यावर चारूला आवडलं. एरवी दोन वाक्यांत संपणारा बॉस आज अर्धा तास चालला. मग तिचे बेत: मे महिन्यात पुण्याला जायचं, बेडरूमला रंग द्यायचा. मी म्हणालो, "बघू."

२० फेब्रु., शुक्र.
आजच्या गोष्टीत एका माणसाचा बैल मेला. बायकोला तो रोज सांगतो, चरायला गेलाय. कुसुमा इराच्या कानात इंग्रजीत सांगत होती, ते मलाही ऐकू येत होतं. संध्याकाळ झाली, बायको गव्हाणीपाशी चारा घेऊन उभी, आणि सोमपाल थांबला. माझी पाळी. घसा बसलाय म्हणालो.

नियम म्हणजे नियम. गोष्ट तिथेच बंद.

गाडीपर्यंत सोमपाल सोडायला आला. "मॅडम को बोला?"
"नहीं."
"सर, बैल तो मर गया ना."

२६ फेब्रु., गुरु.
सोमपाल गेला. एअरपोर्टवर बैलाचं पुढे काय झालं ते विचारलं. म्हणाला, "अब पूछता है?" आणि आत गेला. फार वाईट वाटलं.

२७ फेब्रु., शुक्र.
सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं. "चारू, मला काढलंय. उद्या शेवटचा दिवस."

"कधी कळलं?"
"एक तारखेला."
"सत्तावीस दिवस?" तिनं बोटं मोजली नाहीत, पण मला मोजल्यासारखी वाटली. "आणि मी रंगाची कार्डं आणत होते."

इराचा चमचा हवेतच. मी ओरडा खायला तयार होतो. चारू खरंच चिडली होती, डोळे भरले होते. चहावर साय धरली. मग तिनं कप बाजूला सारला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली,

"ईट पस्से?"

मला काहीच माहीत नव्हतं. पण विचारलंय म्हटल्यावर थांबता येत नाही. म्हणालो, "तर...