कानातला लाल गोंडा

प्रिय सेनोन,

गेल्या सोमवारी सकाळी मी एलियोचे केस ओले करून दोन वेण्या घट्ट घातल्या, त्या टोपीत कोंबल्या आणि त्याला शाळेत घेऊन निघालो. पहिलीचा पहिला दिवस. फाटकाशीच कुणीतरी टोपी ओढली. "तुझी रिबीन कुठंय गं?" पोरं हसली. तुझा भाचा रडला नाही. माझा हात सोडवून म्हणाला, "मामा आला की येईन शाळेत." आणि परत फिरला.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. टोमॅटोच्या मांडवात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो, सुतळी कापायची कात्री खिशात घालतो, पुन्हा खिळ्याला अडकवतो.

गाव सोडून सीमेपलीकडे इथे भाजीच्या शेतीवर निघालो तेव्हा एलियो आईच्या, प्रिमितिवाच्या, पाठीवर झोपला होता. बस सुरू झाली तरी तू खिडकीला धरून धावत होतास. "जावळाची पहिली बट मीच कापणार! दुसऱ्या कुणी कात्री लावली तर बघ!" पहिली बट कापणाऱ्याने बाळाला जनावर द्यायचं या आपल्या रीतीने त्याच संध्याकाळी कळपातली पांढरी लामा मादी एलियोच्या नावाने काढून तिच्या कानात लाल लोकरीचा गोंडा बांधलास, हे तू फोनवर सांगितलंस. मग मी दर वर्षी म्हणत राहिलो, या कार्निव्हलला नक्की येतो. कधी टोमॅटो आडवे आले, कधी मिरची, कधी गारांनी मांडवाचं प्लास्टिक फाडलं. तुझे वडील अंथरुणाला, तूही निघू शकत नाहीस.

त्या गारांच्या दुपारी शेजारची पराग्वेची रामोना डोक्यावर पातेलं धरून धावत आली होती. अंधार पडेपर्यंत आमच्याबरोबर प्लास्टिक ओढत राहिली. तीच परवा एलियोकडे बघून म्हणाली, "काय हो निकानोर, पोराचे केस वाढवताय की कांद्याची पात?" मी हसलो. प्रिमितिवा हसली नाही. "पहिली कात्री माझ्या भावाची," म्हणाली, आणि रात्री जेवली नाही.

आपल्या कोपाकाबानाच्या मेरीमातेची तसबीर इथे भाजी बांधायच्या खोलीत आहे. गावाहून आमच्याच गाठोड्यात आली. रोज तिच्यापुढे उभा राहून मी परतीचं मागतो. या आठवड्यात मेणबत्ती लावली, आणि परतीचं न मागताच मांडवात गेलो.

सेनोन, फोनवर हे मला बोलता आलं नसतं. काल एलियोचं जावळ काढलं. पहिली बट रामोनाने कापली. "कान गेला तर मला बोलू नका, मी टोमॅटो खुडणारी बाई," म्हणाली, आणि रीतीची भेट म्हणून आपली अंडी देणारी कोंबडी त्याच्या मांडीवर ठेवली. प्रिमितिवाने केस ओढणीत बांधले आणि तसबिरीखाली ठेवले. परक्याची जमीन म्हणून इथल्या मातीला मी कधी, गावी धरणीमातेला वाहायचो तसा, दारूचा घोट वाहिला नव्हता. काल वाहिला. एलियोने डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "मग आता मामा येणार नाही?" आज तो शाळेत गेला, टोपीशिवाय. त्या लामाच्या कानातला गोंडा सोड. ती आता तुझी, तिची पिल्लंही तुझीच.

तुझाच,
निकानोर